आर्जवीच्या वतीने

माझी अक्का आणि दाजी लग्न झाल्यापासून भांडतात, पण त्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या भांडणाला कायमचा असा विषय नव्हता. कधी पंख्याचा वेग, कधी आमटीतला गूळ, जे हाताला लागेल त्यावर ते भागवत होते. मग आर्जवी सहा वर्षांची झाली, तिला पहिलीला कुठल्या शाळेत घालायचं हा प्रश्न आला आणि दोघांना भरपूर काम मिळालं.

इचलकरंजीत आमच्या भागात तेव्हा दोन तट पडले होते. एक पालिकेच्या शाळेचा आणि दुसरा करार शाळेचा. करार शाळा म्हणजे इमारत पालिकेची, खर्च पालिकेचा, कारभार मात्र एका संस्थेचा. फी नाही. संस्थेने पालिकेशी करार करायचा, मुलांची प्रगती दाखवायची, नाही दाखवता आली तर किल्ल्या परत द्यायच्या. 'नवांकुर' नावाची अशी शाळा आमच्याकडे निघाली, तीही पालिकेच्या जुन्या शाळेच्या समोरच. जे शेजारी आजवर एकमेकांकडे विरजण मागायला जात, ते आता एकमेकांच्या मुलांचे निकाल विचारायला जाऊ लागले.

दाजी, म्हणजे सुकुमार मगदूम, पालिकेच्या बाजूचे. ते स्वतः त्याच शाळेत शिकले होते. "मी काय वाया गेलो काय?" हा त्यांचा हुकमी मुद्दा. अक्का त्यावर नुसती त्यांच्याकडे बघे.

"तिथल्या बाई कायमच्या आहेत," दाजी म्हणत. "तुझ्या नवांकुरात दर दिवाळीला बाई बदलते. पोरीनं जीव कुणाला लावायचा?"

"कायमच्या आहेत, पण वर्गात कुठं आहेत? कधी मतदार याद्या, कधी जनगणना. आणि तिथलं संडास बघितलायसा?"

"नवांकुरचा निकाल चांगला का लागतो सांगू? जे पोरगं मागं पडतंय, त्याच्या आईबापाला गोड बोलून दुसरीकडं धाडतात. मग राहिले ते हुशारच की."

"आणि तुमच्या शाळेत मागं पडलेल्याकडं कुणी बघतच नाही. ते बरं?"

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत होती. मी, म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ श्रेणिक, जो शेवटी बोलेल त्याला मान डोलावून जेवून घ्यायचो.

दोघांच्या तोंडाला पोटापाण्यानेच धार लावलेली होती. दाजी सुताचे दलाल. माग आता तुटलेला धागा स्वतःच ओळखून जोडतात, पण सुताचा भाव ठरवायला अजूनही दोन माणसं आणि त्यांच्या मध्ये एक दाजी लागतात. विकणाऱ्याच्या वतीने घेणाऱ्याशी बोलायचं, घेणाऱ्याच्या वतीने विकणाऱ्याशी बोलायचं, आणि दोघांना वाटलं पाहिजे की आपणच बोललो. अक्काचं मेडिकलचं दुकान. गिऱ्हाइकाने पायरी चढताना पोटावर हात ठेवला की त्याचं दुखणं, औषध आणि पथ्य अक्का सांगून मोकळी. त्या माणसाला फक्त पिशवी धरायचं काम उरे.

आर्जवी या सगळ्यात कुठे होती? टेबलाखाली. दाजींच्या सुताच्या रिकाम्या कांड्यांची रांग लावत बसलेली. ती शांत पोर आहे असं सगळे म्हणत.

एक दिवस अक्का माझ्या केंद्रावर आली आणि म्हणाली, "श्रेण्या, तुझं ते यंत्र कशासाठी ठेवलंयस? एकदाचा निकाल लावून टाक."

मी प्रतिरूप केंद्रात काम करतो. प्रतिरूप म्हणजे भविष्य नव्हे, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. तो मान हलवतो आणि पुन्हा भविष्यच विचारतो. हवामानखातं वाऱ्याची, उष्णतेची मोजमापं घेऊन संगणकात एक खोटं आकाश उभं करतं आणि ते पुढे पळवून बघतं, तसलाच हा प्रकार. मुलाच्या कपड्याला बटणाएवढा एक बिल्ला लावायचा. तो ऐकतो, बघतो, नाडी मोजतो. मूल कशाने दचकतं, कशात रमतं, विचारलं तर काय सांगतं, हे सगळं गोळा करतो. काही आठवड्यांच्या तेवढ्या सामग्रीवरून संगणक त्या मुलासारखं वागणारं एक खोटं मूल तयार करतो.

दुसऱ्या बाजूला खोटी शाळा. शाळांची माहिती तर आता सरकारच उघडी ठेवतं. वर्गात मुलं किती, बाई किती दिवस हजर, किती वेळा रागावल्या, छत कुठे गळतं. खोटं मूल खोट्या शाळेत घालायचं आणि पहिली ते चौथी एका दुपारात पळवायची. मूल असं होईलच असं नाही, पण पाऊस येण्याचा संभव जितपत कळतो तितपत कळतं.

"म्हणजे दोन्ही शाळांत घालून बघता येतंय?" त्या रात्री जेवताना दाजींनी विचारलं.

"येतंय की."

"मग घाल. तुझ्या अक्काचं तोंड बंद होऊ दे."

"कुणाचं होतंय ते बघूच," अक्का म्हणाली. आर्जवीच्या फ्रॉकला बिल्ला लागला. त्या काळात दोघांनी तिला हौसेने जत्रेला, लग्नांना, पाहुण्यांकडे, सगळीकडे हिंडवलं. सामग्री भरपूर झाली पाहिजे ना.

निकालाच्या दिवशी तिघंही आली. आर्जवी कोपऱ्यात तिच्या कांड्या घेऊन बसली. मी पडदा लावला.

नवांकुरचा वर्ग दिसला आणि बाकावर दहा वर्षांची आर्जवी, दोन वेण्या घातलेली. अक्काचे डोळेच भरून आले. "केवढी झाली गं माझी बाय!"

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "आर्जवी, सात आठे किती?"

"छप्पन्न म्हणतात बाई," पडद्यावरची आर्जवी म्हणाली, "पण बाजार नरम आहे. तुम्ही आपल्या घरच्या. चोपन्नला करून टाकू."

दाजींनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस? याला म्हणायचं व्यवहारज्ञान!"

मी पुढे गेलो. मधली सुट्टी. शेजारचा मुलगा पोट धरून बसलेला. आर्जवी त्याला म्हणाली, "काल बाहेरचं खाल्लंस ना? सकाळी एक, झोपताना एक. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही, पूर्ण कोर्स घ्यायचा. तिखट बंद."

आता अक्का ताठ बसली. "डॉक्टर होणार माझी पोरगी. मी म्हणतच होते, शाळा चांगली आहे."

मग मुख्याध्यापक आले. शाळा कशी वाटते, असं त्यांनी सहज विचारलं. आर्जवी उभी राहिली. "शाळा चांगली आहे हो, पण समोरची काय वाईट होती? तिथल्या बाई कायमच्या. इथं दर दिवाळीला बदलतात. पोरीनं जीव कुणाला लावायचा?"

दाजी खुर्चीतून अर्धे उठले. "लाव, लाव, आता पालिकेची लाव!"

मी पालिकेची लावली. तीच आर्जवी, वेगळा गणवेश. शिक्षणाधिकारी तपासणीला आलेले. ते काही विचारायच्या आत ती म्हणाली, "संडास बघितलायसा?" पुढे कायमच्या बाई वर्गात कुठे असतात याचा तिने हिशेब मांडला, आणि नवांकुरात असलं काही चालत नाही, असं ऐकवून खाली बसली. पडद्याच्या खालच्या पट्टीवर दोन्ही शाळांचा चौथीअखेरचा निष्कर्ष आला. लेखन, सुधारणा नाही. गणित, घासाघीस करते. बोलणे, अखंड. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून मुलीला समोरच्या शाळेत घालायचं सुचवलं होतं.

मग अक्का हळूच म्हणाली, "अहो, हे तर तुम्ही बोलायलाय."

"आणि गोळ्या कोण वाटायलंय?" दाजी म्हणाले.

"दर दिवाळीला बाई बदलते हे माझं वाक्य आहे काय?"

"संडास माझं आहे काय?"

चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघं आपलं बोलणं एकमेकांच्या पदरात टाकत होते. मी तोवर नोंदी उघडल्या आणि घोळ कुठे झालाय ते मला दिसलं.

बिल्ल्याला एक अडचण असते. लग्नात दहा पोरं एकदम ओरडत असतात, त्यात आपलं कुठलं हे यंत्राला आवाजावरून कळत नाही. मुलांचा आवाज सर्दीनेही बदलतो, शिवाय मुलं मोठ्यांच्या जाड आवाजाच्या नकला करतात. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी एक सोपा नियम घातला. मुलाचं नाव घेऊन कुणी प्रश्न विचारला, की त्यावर लगेच जे उत्तर येईल ते त्या मुलाचं धरायचं. ज्या देशात हे यंत्र बनलं, तिथे हा नियम बिनचूक चालला. तिथे म्हणे मुलाला विचारलं की मूलच उत्तर देतं.

मी दोघांना खुर्चीत बसवलं आणि एक तुकडा ऐकवला. पाहुण्यांकडचा होता. "आर्जवी, काय खाणार बाळ?" कुणीतरी विचारलं. "तिला शिरा आवडतो," लगेच अक्काचा आवाज. मग हुंड्याच्या गोष्टी, कुणाच्या तरी गुडघ्याच्या गोष्टी. बऱ्याच वेळाने, बशा वाजायला लागल्यावर, अगदी खालून एक बारीक आवाज आला. "उपीट."

कुणीच ऐकलं नव्हतं.

दुसरा तुकडा. "आर्जवी, मोठेपणी कोण होणार?" "कलेक्टर!" हे दाजी. हशा. गप्पा. निघताना चपला शोधायच्या गडबडीत तो बारीक आवाज पुन्हा आला. "मला अजून माहीत नाही."

असे शेकडो होते. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती, फक्त तिचं उत्तर तयार होईपर्यंत जग पुढे गेलेलं असायचं. यंत्राने ते सगळे तुकडे 'पार्श्वभूमीचा आवाज' म्हणून टाकून दिले होते.

अक्का रडायला लागली. "ती गप्प राहिली की मला राहवत नाही रे. लोक असे बघतात. मंद आहे का, असं बघतात. मग माझ्या तोंडातून निघूनच जातंय."

"मला वाटायचं, मी पोरीची बाजू सांभाळायलोय," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

कोपऱ्यातून आर्जवी पडद्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मामा, ती मुलगी सारखी का बोलती?" मी पडदा बंद केला.

बिल्ला पुन्हा लावायचं ठरलं. अट एकच होती. आर्जवीला विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही. ऐकायला अगदी सोपं. पहिल्याच दिवशी दाजींनी जीभ चावली, खरोखरची, रक्त येईपर्यंत. मग त्यांनी खिशात शेंगदाणे घातलेला भडंग ठेवायला सुरुवात केली. कुणी आर्जवीकडे वळून बोलायला लागलं की मूठभर तोंडात कोंबायचे. अक्काला शेंगदाणे चालत नाहीत, ती पाण्याची गुळणी धरायची. पाहुण्यांसमोर एक जण गाल फुगवून चावतोय, दुसरी गाल फुगवून बसली आहे आणि मध्ये आर्जवी छताकडे बघत विचार करते आहे, असं दृश्य मी स्वतः पाहिलं आहे.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, बातमी पसरली की मगदूम नवरा-बायकोने मौन धरलंय. पर्युषणाला अजून अवकाश असताना एवढी साधना बघून लोक भारावले. दोन आज्या अक्काच्या पाया पडायला आल्या. अक्काच्या तोंडात पाणी होतं, तिला नाहीसुद्धा म्हणता आलं नाही.

आणि आर्जवीचं बोलणं हळूहळू वर यायला लागलं. लग्नात एका काकूंनी विचारलं, "आर्जवी, तू कुणासारखी दिसतेस गं? आईसारखी की पप्पांसारखी?" काकूंचं आइस्क्रीम वितळून वाटीत पाणी झालं, तेव्हा आर्जवी म्हणाली, "सकाळी आईसारखी." संध्याकाळी कुणासारखी हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. घरी तिने सांगितलं की तिला शिरा कधीच आवडला नव्हता. अक्काने वर्षानुवर्षं दर वाढदिवसाला शिराच केला होता.

नवांकुरच्या प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा मी यंत्र पुन्हा चालवलं. पडद्यावर ओळ उमटली: 'सामग्री अपुरी. प्रतिरूप शक्य नाही.' पोरीचे शब्दच कमी होते. नियम सैल करून काहीतरी उभं करता आलं असतं, तसं मी अक्काला म्हणालोही.

"नको," अक्का म्हणाली. "एक खोटी पोरगी बघितली तेवढी पुरे. खरीला घेऊन जाते." दाजीही यायला निघाले. नुसतं बघायला येतो म्हणाले आणि भडंगाचा खिसा चाचपला. मीही बरोबर गेलो.

नवांकुर खरोखर देखणी होती. स्वच्छ, हवेशीर, आणि संडास तर असे की अक्का बघून आली आणि दाजींकडे नुसती बघत राहिली. प्रवेशाच्या खोलीत बेलवलेकर नावाच्या मॅडम होत्या, गोड बोलणाऱ्या. शेजारी पडदा. पडदा प्रश्न विचारायचा, प्रश्नाभोवती एक हिरवं कडं असायचं आणि ते हळूहळू आखडत जायचं. कडं मिटायच्या आत मुलाने बोलायचं. मागे पालकांची रांग बाहेर जिन्यापर्यंत गेली होती.

पडद्याने चित्रं दाखवली, रंग विचारले. आर्जवीची निम्मी उत्तरं कडं मिटल्यावर आली. दाजींचा भडंग संपला. अक्का खुर्चीची कड घट्ट धरून बसली होती. शेवटी पडद्याने शिष्टाचाराचा प्रश्न विचारला. "आर्जवी, तुला शाळेबद्दल काही विचारायचं आहे का?"

आर्जवी विचार करायला लागली. कडं आखडलं, मिटलं. पडदा म्हणाला, "धन्यवाद. पुढील पाल्य."

मागचे वडील मुलीला घेऊन पुढे सरकले. अक्का उठली नाही. "थांबा," ती म्हणाली. "ती विचारतीय."

"ताई, वेळ झाली हो," मॅडम म्हणाल्या.

"झाली असू दे. ती विचारतीय."

मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी च्यक केलं. जी बाई पोरीच्या एका क्षणाच्या गप्प राहण्याने लाजेने अर्धी व्हायची, ती अख्खी रांग खोळंबवून दगडासारखी बसली होती. मला माझ्या अक्काचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

"शाळा सुटली की घंटा कोण वाजवतं?" आर्जवीने विचारलं.

मॅडम हसल्या. "आपल्याकडे घंटा नसते, बाळ. इथे प्रत्येक मुलाचा अभ्यास त्याच्या त्याच्या वेगाने चालतो. हातात पट्टा असतो ना, तुझं आजचं काम झालं की तो गुणगुणतो. मग तू सुटलीस. कुणाचं दुपारीच होतं, कुणाचं संध्याकाळी. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही."

हे वाक्य त्या रोज सांगत असणार आणि पालक रोज खूश होत असणार. आर्जवी पुन्हा विचार करायला लागली. या वेळी मॅडमही थांबल्या, कशा कोण जाणे.

"मला वेळ लागतो," आर्जवी म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे रोज मी शेवटी एकटीच राहणार."

अक्काने पोरीला उचलून कडेवर घेतलं. सहा वर्षांची घोडी झालेली, तरी घेतलं, आणि जिना उतरली.

रस्ता ओलांडला की पालिकेची शाळा. दाजी मागून चालत होते. जिंकल्याचं एक अक्षर ते बोलले नाहीत, आणि अक्कानेही हरल्यासारखं काही केलं नाही. शाळेच्या पायरीवर ती एवढंच म्हणाली, "संडासाचं मी बघून घेते. रोज येऊन भांडेन." ती तेवढी भांडेल याबद्दल मला शंका नव्हती.

पहिलीच्या बाई टेबलावर कागदांच्या ढिगात बुडालेल्या होत्या. चष्मा कपाळावर, पेन कानाशी. "चाळीसच्या वर गेलेत हो," त्या वर न बघताच म्हणाल्या. "घेते तरी. थोडी मागं बसवावी लागेल." त्यांनी पेन काढलं, एक कोरा कागद ओढला आणि अक्काला विचारलं, "नाव काय हिचं?"

अक्काच्या ओठांवर ते नाव आलेलं मी पाहिलं. दाजींच्याही.

"तिलाच विचारा," अक्का म्हणाली.

बाईंनी वर बघितलं. मग पेन खाली ठेवलं, आर्जवीकडे वळल्या आणि विचारलं. आम्ही सगळे थांबलो.